मखमलीचा आवाज

३ नोव्हेंबर २००७
सरोजिनी नगरला कुर्ता घ्यायला गेले. दुकानदार म्हणतो, "हाथ लगाके देखो, मॅडम!" लावला. सुती की रेशमी, काही कळेना. केमो संपून वर्ष झालं, बोटांची टोकं अजून मेलेलीच. हरीश म्हणाला, "तुला काय गं, गोणपाट दिलं तरी चालेल." आणि हसला!

९ नोव्हेंबर
हरीशने गुडगावच्या ऑफिसातून त्याचं यंत्र घरी आणलं. काचेची पाटी, तारेचं पेन, हेडफोन. पडद्यावर कापडाचं चित्र. त्यावरून पेन फिरवलं की म्हणे आतल्या मोटरने पेन थरथरतं आणि कानात कापड घासल्याचा आवाज येतो. इंटरनेटवर कापड विकणाऱ्यांसाठी.
फिरवलं. आणि बोटांना लागलं! खरखरीत — चक्क घोंगडी! मग मखमल. मी रडायलाच लागले. "परत सांग. नक्की लागतंय?" हरीशने विचारलं. वाटलं, आता जवळ घेईल. त्याने लॅपटॉप उघडला.

२१ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी मखमल. दुसरं काही नको.

६ डिसेंबर
त्याच्या ऑफिसात गेले. "तू फक्त खरं सांग," म्हणाला. चांगली साडी नेसले होते. समोर त्याचे साहेब दिलीप सर आणि पानिपतचे ब्लँकेटवाले. मी पेन फिरवत सांगत गेले — ही लोकर, ही मखमल, किती मऊ!
हरीशने पेनची तार वर धरली. सुटी!
"वाइब्रेशन शुरू से बंद है. इनकी उंगलियाँ तो वैसे भी बेकार हैं. सब आवाज़ का कमाल!"
टाळ्या. दिलीप सर म्हणाले, "ब्रिलियंट, यार! मोटर की ज़रूरत ही नहीं."
गाडीत विचारलं, "घरीसुद्धा तार काढलेली होती?"
"पहिल्या दिवसापासून. सांगितलं असतं तर प्रयोग फुकट गेला असता ना."

७ डिसेंबर
यंत्राला हात लावला नाही.

८ डिसेंबर
लावला. सगळं ठाऊक असूनही मखमलच लागते. हरामखोर कान!

१४ डिसेंबर
आज अमेरिकेचे पाहुणे. ते हो म्हणाले तरच हरीशचं प्रोजेक्ट पुढे जाणार. त्याने स्वतः माझ्या कानांवर हेडफोन चढवले. लोकर, तरट, मखमल — सगळं लागलं. इतकं स्पष्ट तर कधीच नव्हतं लागलं.
"क्या लगा, शुभदाजी?" दिलीप सरांनी विचारलं.
"कुछ नहीं."
हरीशचा चेहरा पांढराफटक. पुढचं कापड. त्याच्याकडेच बघत म्हटलं — "कुछ नहीं."