सासूबाईंसाठी लांबची लेन्स

३ फेब्रुवारी
मिळाली! जिच्यासाठी इतकी वर्षं दुकानं पालथी घातली, ती लांबचं जवळ आणणारी, एकशेपस्तीस मिलिमीटरची लेन्स. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदाराने फडक्यातून काढून समोर ठेवली. काळा रंग उडून पितळ उघडं पडलंय, काच मात्र लख्ख. "ताई, आज घासाघीस नाही?" नाही म्हटलं. तोंडावरूनच कळलं असणार त्याला.
घरी नवरा — "आणलीस आणखी एक सवत माझ्या उरावर?"

४ फेब्रुवारी
बाकीच्या लेन्स कपाटात बसतात. हिला काम आहे.
सासूबाईंचा हसतानाचा एकही फोटो नाही. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. कॅमेरा दिसला की हात तोंडावर. घरातल्या सगळ्या फोटोंत सासूबाई नाहीत, त्यांचा पंजा आहे! आणि एरवी हसतात अशा की खालच्या मजल्यावरचे वर बघतात. महिनाअखेरीला ते दात काढायचेत. मग कवळी. ते हसू मग कुठून आणू?
जवळ जायचंच नाही. लांबून टिपायचं.

९ फेब्रुवारी
समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभी राहिले. खाली बाकावर सासूबाई आणि शेजारच्या मावशी. मावशी काहीतरी बोलल्या आणि सासूबाई खो-खो हसत सुटल्या. हात मांडीवर! अख्खा रोल संपवला.

१३ फेब्रुवारी
दुकानदाराने रोल धुऊन दिला. सगळा वाया. सासूबाई म्हणजे नुसतं धुकं. मागच्या दोरीवरचा पायजमा मात्र असा स्पष्ट, की शिवण मोजावी. दुकानदार म्हणाला, "पायजमा छान आलाय, ताई."
चूक माझीच. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघता येत नाही. कॅमेऱ्यावरच्या छोट्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर आणून बसवायच्या. मी सासूबाईंच्या स्वेटरच्या उभ्या पट्ट्यांवर जुळवत बसले — आणि एका पट्टीवर भलतीच पट्टी बसली. वाटलं, जुळलं!
जेवताना नवऱ्यापाशी त्या पट्ट्यांच्या नावाने खडे फोडले. हळू आवाजात. सासूबाई आत टीव्ही बघत होत्या.

१७ फेब्रुवारी
पुन्हा जिन्यात. नशीब केवढं — आज अंगात साधा राखाडी स्वेटर! चष्म्याच्या दांडीवर जुळवलं. श्वास रोखून बटण दाबलं.

२१ फेब्रुवारी
आला! दोन्ही दात, डोळ्यांच्या चिरा, मागे गेलेली मान, सगळं. दुकानदार फोटो दिव्याखाली धरून स्वतःच हसायला लागला.
आता सासूबाईंना दाखवायचा. चोरून काढलाय.

२२ फेब्रुवारी
फोटो त्यांच्या हातात दिला. बोलणी खायची तयारी ठेवूनच. दातांवरून अंगठा फिरवला.
मग म्हणाल्या, "जिन्यात उभी असलेली मला पहिल्याच दिवशी दिसली होतीस गं. पट्ट्यांचं बोलणंही ऐकलं, म्हणून तर साधा स्वेटर घातला. म्हटलं, जायच्या आधी या दातांचाही एक फोटो निघू दे."