पाचव्या प्रश्नाचं उत्तर

१३ जून १९८३, सोमवार

शाळा उघडली. सातवी ब. अडतीस पोरं, आणि एकाच्याही डोळ्यांवरून सुट्टी उतरलेली नाही! "कादंबरी वाचली का?" — "हो सर!" इतक्या जोरात ओरडली की मला तिथेच शंका आली. एप्रिलमध्ये वाचनालयाच्या पाच प्रती वाटल्या होत्या. एकाने पाच दिवस ठेवायची आणि पुढच्याच्या घरी पोचवायची. सहावी प्रत माझी स्वतःची, ती घरीच होती, शालूसाठी. माझी मुलगी याच वर्गात आहे म्हणून तिला वेगळं माप नाही. झाल्या तर दोन छड्या जास्तच.

उद्या लेखी परीक्षा. पाच प्रश्न, पन्नास गुण. शेवटचा प्रश्न असा काढलाय की न वाचणारा तिथे सापडलाच पाहिजे.

१४ जून, मंगळवार

परीक्षा झाली. पोरं खाली माना घालून भराभर लिहीत होती. बरं वाटलं.

१५ जून, बुधवार

डोकं फिरायची वेळ आली आहे!

कादंबरी काय? सोनबा जत्रेत बापाचा बैल हरवतो. बाप, हिंदुराव, त्याला आसुडाने फोडून काढतो. पोर पळून नदीपलीकडे नावाड्याच्या घरी राहतं, आणि शेवटी आपणहून परत येऊन बापाच्या पायांवर डोकं ठेवतं. हाच तर सगळ्या कादंबरीचा कळस! म्हणून पाचवा प्रश्न — 'सोनबा शेवटी घरी का परततो?' गुण दहा.

सदतीस पोरांनी लिहिलंय, परतत नाही! बाप न्यायला येतो तेव्हा म्हणे नावाड्याची बायको मैना कोयता घेऊन दारात उभी राहते. "पोराच्या अंगाला हात लावाल तर तो हात घेऊन परत जाणार नाही." आणि हिंदुराव मुकाट नावेत बसून निघून जातो. सदतीस पेपर, सदतीस कोयते! एकाने तर कोयत्याची मूठ बाभळीची होती असंही लिहिलंय. पुस्तकात कोयता नाही. विळासुद्धा नाही!

एकच पेपर बरोबर — शालूचा. 'बापाचा मार म्हणजे बापाची माया, हे सोनबाला कळतं, म्हणून तो परततो.' वळणदार अक्षर, खाडाखोड नाही. दहापैकी दहा. प्रेमलाला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. "हं," म्हणाली. पोटच्या पोरीचं कौतुक म्हणून नाही या बाईला!

१६ जून, गुरुवार

एकाने गोष्ट सांगितली आणि बाकीच्यांनी ऐकून लिहिली, हे उघड आहे. आणि सांगितली तीही खोटी! कोणी सांगितली, ते आज विचारलं. एकही हात वर नाही.

संपतपासून सुरुवात केली. बाप दारूगोळा कारखान्यात हमालीला आहे.

"वाचलीस?"

"व्हय सर, वाचली."

"मग कोयता कुठल्या पानावर आहे?"

"पान ध्यानात नाय सर. पण कोयता हाय."

छडी त्याच्या हातावर मोडली! दुसरी आणायला त्यालाच पाठवलं. आणली. पुढे अकरा जणांना चार-चार दिल्या. तळवे सुजले, पण तोंडं उघडली नाहीत. मुख्याध्यापिका मथुराबाई दारावरून जाताना थांबल्या. "आकलन तपासताय ना सर? आवाजावरून लक्षात आलं नाही." मी म्हटलं, "बाई, वर्षअखेर माझ्या वर्गाचा निकाल बघा, मग बोला." गेल्या.

मला माझ्या वडिलांनी जोड्याने बडवलं म्हणून आज मास्तर आहे. नाहीतर मार्केट यार्डात पोती वाहिली असती.

१७ जून, शुक्रवार

आज हमीदाची पाळी. खडकी बाजारात लष्करी कपडे शिवणाऱ्या जब्बार टेलरची मुलगी, शालूच्याच बाकावर बसते. हिला नक्की माहीत असणार. छडी नको म्हटलं, पट्टी घेतली — कडेने, बोटांच्या पेरांवर. सहाव्या फटक्याला रक्त आलं. रडली नाही. एकदाच शालूकडे बघितलं. शालू मान खाली घालून बसली होती.

संपत उठला. "सर, तिला रोजा हाय. तिचं मला मारा." हे कालचं पोर मला शहाणपण शिकवणार! मारलं त्यालाही.

घरी शालू जेवेना. पोट दुखतंय म्हणाली. दोन घास जबरदस्तीने खायला लावले तर ओकली. कानाखाली दिली एक. अन्नाचा अपमान मला खपत नाही.

१८ जून, शनिवार

खांदा दुखतोय. मारणाऱ्यालाही लागतं, हे कोणी बघत नाही.

१९ जून, रविवार

सकाळी हमीदाची आई दारात. अमिनाबी. बरोबर हमीदा, हाताला फडकं गुंडाळलेलं. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीतच उभा राहिलो. पण ती भांडली नाही.

"मास्तर, पोरीची दोन बोटं वळंना झालीत. मी पन विचारलं, कोनाचं नाव लपवती? मला बी सांगंना. म्हनते, अम्मी, नाव घेतलं तर तिचे अब्बा तिला घरी मारून टाकतील. आता जिचं घर असलं हाय तिचं नाव मी तरी पोरीकडनं कशाला काढून घेऊ? माझ्या पोरीला तेवढं सोडा."

"कोण ती?" मी हमीदाला विचारलं.

शालू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. त्या फडक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी. गोष्ट मी सांगितली."

सगळं बाहेर आलं. पाचातल्या तीन प्रती पहिल्याच घरांत अडकून पडल्या; उरलेल्या दोन ज्यांनी वाचल्या त्यांनीही हिचाच शेवट लिहिला. पोरांना परीक्षेची धास्ती. मी दुपारी झोपलो की ही पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसायची आणि रोज एक प्रकरण सांगायची. अख्खा मे महिना! माझ्या नाकाखाली!

"मग पेपरात बरोबर कसं लिहिलंस?"

"तुम्हांला जो शेवट हवा होता तो तुम्हांला लिहून दिला. त्यांना खरा सांगितला."

खरा! म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, आणि चोर माझ्याच घरात! अमिनाबीच्या लक्षात आलं. "मारू नका हां मास्तर," म्हणत ती उंबऱ्यातच उभी. जाईना. शेवटी मी हसलो. म्हटलं, "पोरखेळ आहे हो, तुम्ही या."

मग दार लावलं. शालूचं मनगट धरलं. "कुठला शेवट खरा?" विचारत गेलो, पिरगाळत गेलो. प्रेमला मध्ये आली, तिला ढकललं, ती ओट्याच्या कडेवर आपटली. शालूने एकदा 'पुस्तकातला' म्हटलं असतं तर मी सोडलं असतं. देवाशपथ सोडलं असतं! नाही म्हणाली. काडकन आवाज झाला.

२० जून, सोमवार

उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर.

काल दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत शालूच बोलली. "टाकीच्या पायरीवरून पडले. शेवाळ होतं." कुठली पायरी, कुठला पाय घसरला, चप्पल उडून कुठे पडली — सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. डॉक्टर म्हणाले, "जपून खेळावं, बाळ." ऐकताना मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, रिक्षात. इतकं सफाईदार खोटं पहिल्यांदा बोलणाऱ्याला जमत नाही. हिने आधी किती जणांना काय काय सांगितलं असेल?

प्रेमलाच्या कपाळाला टेंगूळ आहे. चहा आणून ठेवते.

२१ जून, मंगळवार

छडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चौथ्या तासाला हात इतके शिवशिवले की किल्ली काढून शिपायाकडे दिली.

२३ जून, गुरुवार

शालूचा पेपर पुन्हा वाचला. 'बापाचा मार म्हणजे बापाची माया.' हे वाक्य पुस्तकात कुठे आहे म्हणून शोधायला बसलो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधलं. नाही! पुस्तकात नाहीच ते. ते माझं वाक्य आहे. मारून झालं, की तिला जवळ बसवून मी म्हणतो ते. तिने माझंच मला लिहून दिलं, आणि मी दहापैकी दहा देऊन प्रेमलाला वाचून दाखवलं!

सदतीस पोरांना सोनबाचं काय व्हायला हवं ते कळलं होतं. त्यांचं मी रक्त काढलं. एकीने भीतीने लिहिलं, तिला पैकीच्या पैकी. वीस वर्षं मी आकलन तपासतोय की भीती? मला आज स्वतःची किळस आली. गुण बदलावेत म्हणून लाल पेन घेऊन बसलो. एक आकडा लिहिता आला नाही.

शालूला हाक मारली. आली, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "जा," म्हटलं.

२७ जून, सोमवार

शालू गळ्यात हात बांधून आज शाळेत आली. तिसऱ्या तासाला मथुराबाई फेरीवर आल्या. "काय गं, हात कशाने मोडला?"

मी फळ्यापाशी. शालू उठून उभी राहिली.

"बाबांनी मोडला."

बाई माझ्याकडे वळल्या. अडतीसच्या अडतीस पोरं माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "उत्तर बरोबर आहे."