बाबांचा उजवा हात आणि ब्लूटूथ

६ सप्टेंबर २००९, रविवार
बाबांना लकवा मारून महिना होत आला. उजवा हात लुळा. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, रोज तेल लावून बोटं उघडत राहा, नाहीतर मूठ आवळून बसेल. मागासलेली पद्धत. मी नागपूरहून टीव्हीला जोडायचा छोटा लिनक्स कॉम्प्युटर आणलाय, सोबत बिनवायरचा गेम कंट्रोलर. जन्मभर अमरावती रोडवर ट्रक चालवलेला माणूस, स्क्रीनवर गाडी दिसली की बोटं आपोआप हलतील. अख्ख्या कारंजात हे सुचणारा कॉम्प्युटर मास्तर मी एकटाच. बायकोला, सपनाला बजावलं, बाबांच्या हाताचं मी बघतो, तू मधे पडू नको. उद्या जोडतो.

७ सप्टेंबर
जोडला नाही. ब्लूटूथनं शोधून शोधून काय शोधलं, तर शेजारच्या हिरालालचा मोबाइल. भिंतीपलीकडून तो ओरडला, "मास्तर, माह्या फोनवर काय पाठवून राह्यले?" दुर्लक्ष केलं.

१३ सप्टेंबर, रात्र
कमांड बरोबर बसली. कंट्रोलर सापडला! तेवढ्यात लोडशेडिंग. लाइट आली तेव्हा डब्बा सगळं विसरला होता. सपना म्हणे, "तेवढ्या वेळात मामाजीच्या हाताले तेल लागलं असतं." अंधारात तेल कोण लावतं?

१९ सप्टेंबर
सपनानं मला न विचारता बाबांची बोटं उघडायला घेतली. बाबा कण्हले. मी थांबवलं. दोन उपचार एकदम नकोत, हात गोंधळतो.
खरं म्हणजे मला तो हात धरवत नाही. थंड लागतो. बाबांचा नसल्यासारखा. भीती वाटते. म्हणून तर कंट्रोलर लवकर जोडायला हवा.

२८ सप्टेंबर, दसरा
यंत्रांची पूजा. बाबा दर दसऱ्याला ट्रक धुऊन स्टिअरिंगला टिळा लावायचे. आज ट्रक नाही, म्हणून कंट्रोलर पाटावर ठेवला. बाबांनी हट्टानं डाव्या हातानं ओलं कुंकू लावलं, नेमकं जोडणीच्या बटणावर. मग विचारलं, "गाडी कवा निंगते?" म्हटलं, आजच.
बटण दबलं ते वर आलंच नाही. तांत्रिक विलंब, कारण धार्मिक.

११ ऑक्टोबर
सुईनं कुंकू काढतोय. बाबांची मूठ जरा घट्ट वाटली. हवामानामुळे असेल.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
तळेगावहून माझी मोठी बहीण कांताताई आली. ओवाळताना बाबांनी उजवा हात शालीखाली लपवला. ताईनं शाल सारून पाहिलं आणि मला म्हणे, "काऊन रे, कोणी याले हात लावत नाई का?" ताई शिकलेली नाही, तिला काय समजावणार. संकल्प: सुट्टीत कंट्रोलर तडीस नेणार. मालिशही करीन. आधी कंट्रोलर.

२ नोव्हेंबर
सुट्टी संपली. बटण मोकळं झालं. आता थोडंच राहिलं. मालिशचं उद्यापासून.

८ नोव्हेंबर, रविवार
जोडला! निळा दिवा स्थिर. हिरालालच्या घरापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो. बाबांना उशा लावून टीव्हीसमोर बसवलं. स्क्रीनवर ट्रक उभा, इंजिन चालू. बाबा हसले. किती दिवसांनी.
कंट्रोलर हातात द्यायला गेलो. मूठ उघडेना. सपनानं तेल आणलं. तरी उघडेना. नखं तळव्यात रुतली होती. जोर लावला तर बाबा "माय वं" करत ओरडले. मग मॅडमना बोलावलं. त्यांनी हात पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, आता मालिशनं उघडणार नाही. सपना उठून आत गेली.
बाबाच म्हणाले, "राहू दे. तू चालव. मी बसतो बाजूले."
मी चालवली. पहिल्याच वळणावर ट्रक उलटला. बाबांकडे पाहिलं तर ते स्क्रीनकडे बघतच नव्हते, मांडीवरच्या मुठीकडे बघत होते.
उद्या सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी करतो.