ठकुबाईची जोडवी

वरवे बुद्रुक,
१० जून २०२४

चि. गेनबास आनंदरावांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो तर तुझी बहीण कान लावून बसते, म्हणून दुधाच्या टेम्पोबरोबर चिठ्ठी देतोय. ठकूची चक्कर थांबत नाही. परवा गोठ्यात पडली. डोक्यात गाठ आहे का ते बघायला डॉक्टरने एमआरआय सांगितला. सांगताना तो संगणकाकडेच बघत होता.

पंच्याऐंशी साली माझा पाय मोडला, तेव्हा डॉक्टरने एक्स-रे खिडकीला धरला आणि अख्ख्या आळीने माझं हाड पाहिलं. पुढे सोनोग्राफी आली, त्यात डॉक्टर म्हणेल ते दिसायचं. मग सीटी स्कॅन. आता या नव्या यंत्रात म्हणे मेंदूच्या काकडीसारख्या चकत्या दिसतात. एवढं सगळं दिसतं, पण अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, सगळं उतरवा म्हणतात.

नवरा जिवंत असताना जोडवी कशी काढायची? बाईमाणूस, ऐकत नाही. पुण्याला जाऊन दारातून माघारी आलो. मला तिच्या डोक्याची काळजी आहे. थोडी माझीही आहे. काय करू ते कळव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
आनंदराव

भोर,
१२ जून

ती. दाजींस गेनबाचा शि. सा. नमस्कार.

चक्कर ताईला आणि जीव तुमचा खालीवर. आमची प्रेरणा पुण्यात अशाच यंत्रावर कामाला आहे. ती म्हणते, बायका रोज जोडवी काढून आत जातात, अजून एकाही नवऱ्याची तक्रार आलेली नाही. फारच वाटलं तर पायाच्या बोटाला आणि गळ्यात हळदीचा दोरा बांधा.

आणि दाजी, ताईने मला फोनवर खरं सांगितलं. "म्या काढीत व्हते की. ह्यांचं तोंड बघितलं आन् माघारी फिरले." तेव्हा या वेळी तुम्हीच आपल्या हाताने काढा. उशीर करू नका. राग नसावा, माया असावी.

आपला,
गेनबा

वरवे बुद्रुक,
१९ जून

चि. गेनबास आशीर्वाद.

काढली. पुण्यात, यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर, चारचौघांत, साबण लावून. मी पायाला हात लावला तर ठकू पाय मागे घेऊ लागली, पाप लागंल म्हणे. बोटांना पांढऱ्या खाचा पडल्या होत्या. ती आत असताना ते यंत्र मळणीयंत्रासारखं धडधडत होतं आणि मी बाहेर माझीच नाडी धरून बसलो होतो. काही झालं नाही मला.

गाठ नाही. कानातला तोल बिघडलाय, गोळ्या दिल्यात. हेही डॉक्टरने संगणकालाच सांगितलं, आम्ही शेजारी बसून ऐकलं.

आता वेगळंच झालंय. ठकू जोडवी परत घालत नाही. बोटं मोकळी बरी वाटतात म्हणते. मी गयावया केली तर म्हणाली, "तुमी हाय की धडधाकट. मग कशाला?" तिला चक्कर नाही, पण माझं डोकं आता गरगरतंय. तूच फोन करून तिला समजाव. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

आहे तोवर माया ठेव.

तुझा,
आनंदराव