पाचवा चमचा

टूसॉन,
६ ऑक्टोबर १९९४

प्रिय डार्सी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी ठीक आहे, गुडघे सोडले तर. इथे ऑक्टोबरातही अंग भाजतं. तुला सातवा लागला हे वाचून जीव सुपाएवढा झाला. शिडीवर चढू नकोस, दिवे नवऱ्याला लावू देत.

जुनं हॉटेल पुन्हा उघडताय, त्याचा इतिहास भिंतीवर लावायला हवाय म्हणालीस. घे तर. १९५६च्या मे महिन्यात हॅस्केटमध्ये टिन रूस्टर आलं. तोवर आमच्या गावात ट्रकवाले थांबायचे ते फक्त टायर फुटला तर! कंपनीच्या साखळीतलं ते एकतिसावं हॉटेल. छपरावर पत्र्याचा कोंबडा चढवायला क्रेन आली, त्या दिवशी शाळा लवकर सोडली होती. शेजारी कंपनीचाच पेट्रोल पंप. सगळं कंपनीच्या कागदाबरहुकूम: पॅनकेक केवढा, ॲप्रनची गाठ कुठे, किटलीला कॉफी किती. मी तिथे हेड वेट्रेस झाले आणि पुढे तुझ्या आईलाही, आयलीनला, काउंटरवर लावून घेतलं.

आयलीनला नियम कधी पाठ झाले नाहीत, गिऱ्हाईक मात्र पाठ असायचं. "काय वॉल्ट, बायकोशी भांडून आलास ना? बस, ॲपल पायचा तुकडा मोठा कापते." आणि वॉल्ट खरंच भांडून आलेला असायचा. दिवसाला आठ-दहा कप कॉफी ती उभ्याउभ्या रिचवायची. मी दूध प्यायचे, म्हणून भर गर्दीत चिडवायची, "आमची ताई अजून पाळण्यातच आहे!" लोक हसायचे. मीही हसायचे.

"नेब्रास्कातली सगळ्यात कडक कॉफी" अशी पाटी होती दारावर. १९८१मध्ये नवा महामार्ग झाला, गाड्या तिकडून जायला लागल्या आणि हॉटेल बंद पडलं. झाला इतिहास.

इथेच सही करून पाकीट चिकटवणार होते. पण तुझ्या पत्राचं शेवटचं पान तीन दिवस टेबलावर पडून आहे. "मावशी, कपाटाच्या दारावर कंपनीचा छापील कागद अजून आहे. चार चमचे खोडून पाच केलेत. तुझंच अक्षर ना? हेच ना आपल्या कॉफीचं गुपित?" काल फोनवरही तू हेच विचारलंस आणि मी पडद्यांचा रंग विचारत बसले.

अक्षर माझंच आहे.

१९६९च्या मार्चमध्ये एका सकाळी नळाच्या पाण्याला वास यायला लागला. जुन्या रंगाचा डबा उघडल्यासारखा. पाणी आपल्या आवारातल्या विहिरीचं, आणि विहिरीपासून तीस पावलांवर पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी. मी कंपनीला कळवलं. प्रुइट नावाचा साहेब आला, टाकीत काठी घालून बघितलं आणि मला एकटीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"टाकी थोडी पाझरतेय, वेर्ना. बोभाटा झाला तर कंपनी कुलूप लावेल. अठरा माणसं घरी बसतील. तुझी बहीण धरून."

"मग करायचं काय, साहेब?"

"चमचाभर कॉफी जास्त घाल. वास मरेल. लोक म्हणतील, कडक झालीय."

लोक तेच म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यानेच पाटी पाठवून दिली.

डार्सी, त्या दिवसापर्यंत मीही कॉफीच प्यायचे. दूध त्यानंतर सुरू केलं. मला ठाऊक होतं, आणि तुझ्या आईला मी ते सांगितलं नाही. तिच्या जिभेला कुलूप नव्हतं, ती गावभर बोलली असती. आधी वाटलं, टाकी दुरुस्त होईल तोवर. ती दुरुस्त झाली नाही. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू?

१९७७ साली तिला रक्ताचा कॅन्सर झाला. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. डॉक्टर म्हणाले, कशाने झाला हे सांगता येत नाही. त्या वाक्याला मी सतरा वर्षं धरून बसलेय. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात ती म्हणाली, "ताई, इथली कॉफी म्हणजे कोमट चिखल गं. आपली आण ना फ्लास्कमधून." आणि मी नेली. नाही कशी म्हणणार होते? कारण सांगावं लागलं असतं.

आता तू लिहितेस की जुनी विहीर उपसली, पाणी नितळ आहे, सकाळी किंचित रंगासारखा वास येतो, पण पाच चमचे घातले की जातो. रोज करून बघतेय म्हणतेस. दिवस गेलेल्या तुला मी पडद्यांचा रंग विचारला!

तो नळ बंद कर. त्या पाण्याने तोंडसुद्धा धुऊ नकोस. पाणी काउंटीच्या आरोग्य खात्याकडे तपासायला दे आणि सोबत हे पत्र दे, म्हणून पूर्ण नावाने सही करतेय. तुझ्या डॉक्टरलाही दाखव. आत्ता लगेच फोन लावते आणि या वेळी कागद हातात धरून वाचूनच दाखवणार आहे, म्हणजे मला पळता येणार नाही.

भिंतीवर इतिहास लावायचाच असेल, तर हा लाव.

यापुढे मावशी म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

वेर्ना कॅलवे
हेड वेट्रेस, टिन रूस्टर, हॅस्केट
चारचे पाच करणारी