अकरा हजारांना आमंत्रण

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.
ग्वाल्हेरच्या मराठी समाजाची बैठक झाली. लीलाताईंनी सांगितलं, यंदाचं रामनवमीचं कीर्तन शेवटचं. बेचाळीस वर्षं उभ्यानं कीर्तन केलं, आता गुडघे नाही म्हणतात. मग त्याच म्हणाल्या, तोंडं काय पाडता रे, मी कीर्तन सोडतेय, जेवण नाही. एकच इच्छा आहे, देवळाचं पटांगण भरलेलं बघायचंय.

पटांगण भरतं ते अक्षतीनं. दरवर्षी ताई स्वतः कुंकवाचे तांदूळ घेऊन दारोदार जातात. एकशे अठरा घरं, कंपूपासून मुरारपर्यंत. आमच्या लोकांत अक्षत दारात आली नाही तर ते बोलावणं नव्हे, आणि बोलावणं नसेल तर ज्याचे खापरपणजोबा दरबारात शाई घोटत होते तोसुद्धा जागचा हलत नाही. सगळं गेलं, हा मान तेवढा राहिला. यंदा ताईंना जिने चढवत नाहीत. कोण जाणार, असं अध्यक्ष संभाजीरावांनी विचारलं. सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं. माझी नजर सर्वांत आधी खाली आली.

काम माझ्याकडे. मोठ्या कामाची नोंद राहावी म्हणून आजपासून रोजनिशी.

५ मार्च, बुधवार.
विचार केला. एकशे अठरा घरी एकच वाक्य बोलणं हे माझ्यासारख्या माणसाच्या शक्तीचा अपव्यय आहे. संस्कृतात एम.ए., बावीस वर्षं पुण्याच्या मासिकाला ग्वाल्हेरचं वार्तापत्र पाठवतो आहे. शिवाय काळ व्हिडिओचा आहे. एक व्हिडिओ, योग्य प्लॅटफॉर्म, आणि आमंत्रण एका क्षणात सर्वत्र.

शरयूला सांगितलं. ती म्हणाली, अहो, रोज पंधरा घरं केलीत तर आठ दिवसांचं काम आहे, स्कूटर दारात उभी आहे. मी म्हटलं, दारोदार हिंडणं हे साधन आहे, साध्य नव्हे. ती म्हणाली, मग येताना साध्य आणि कोथिंबीर घेऊन या.

९ मार्च, रविवार. सकाळी ७.
प्लॅटफॉर्मची निवड शास्त्रशुद्ध करायची. कोणत्याही ग्रंथाच्या आरंभी चार प्रश्न असतात: हे कुणासाठी, विषय काय, दोहोंचा संबंध काय, प्रयोजन काय. मोठ्या कागदावर तक्ता आखला. आडवे चार प्रश्न, उभे पाच प्लॅटफॉर्म. दोन रंगांची पेनं.

फेसबुक: वाढदिवस आणि श्रद्धांजल्या. गंभीर विषयाला बरं.
यूट्यूब: विस्ताराला वाव. उत्तम.
इन्स्टाग्राम: चंचल. मुलांसाठी.
लिंक्डइन: सुशिक्षित वर्ग. अतिउत्तम.
व्हॉट्सअ‍ॅप: ग्राम्य. तत्त्वतः बाद.

दुपारी २.
इथे कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बाद होण्यात तत्त्व थोडं आणि जानेवारी जास्त आहे. समाजाच्या ग्रुपवर दोनशे बारा माणसं. शांताताई रोज सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र टाकत. एके दिवशी मी लिहिलं, सूर्य उगवल्याची बातमी खिडकीतून मिळते, तसदी घेऊ नये. लिहिलं आणि ग्रुप सोडला. मागाहून कळलं, शांताताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि दिसू लागल्याच्या आनंदात त्या सूर्य पाठवत होत्या.

तेव्हापासून बाड्याच्या बाजारात समाजातलं कुणी दिसलं की मी बँकेत शिरतो. एकशे अठरा दारांतलं शांताताईंचं दार सातवं.

तरीही व्हॉट्सअ‍ॅप ग्राम्यच आहे.

१७ मार्च, सोमवार.
होळी झाली. आता वेळ न दवडता शूटिंग. लेक अवंतिका फोन धरायला. आधी फूलबागेत माझं प्रास्ताविक, विषय: कीर्तनपरंपरेचं विहंगावलोकन. मग लीलाताईंच्या घरी.

ताईंनी विचारलं, मी कुठे बघू? म्हटलं, कॅमेऱ्याकडे. त्या म्हणाल्या, त्यात कोण आहे? म्हटलं, प्रेक्षक. म्हणाल्या, दिसत नाहीत रे. दिसत नसतील तर मी सांगू कुणाला? शेवटी फोनच्या मागे बसलेल्या अवंतिकेलाच त्यांनी शबरीची गोष्ट सांगितली. पोरगी इतकी हसली की चित्र हललं. तो भाग कापायला हवा.

निघताना ताई म्हणाल्या, अक्षत कधीपासून सुरू करतोस? म्हटलं, यंदा आधुनिक पद्धत आहे. त्या म्हणाल्या, असेल बाबा, तू शिकलेला आहेस.

हे वाक्य दिवसभर कानात आहे. कौतुकच होतं.

२१ मार्च, शुक्रवार.
यूट्यूबवर व्हिडिओ प्रसिद्ध. सोळा मिनिटं. ताई चौदाव्या मिनिटाला येतात.

अवंतिका म्हणाली, बाबा, सोळा मिनट कोण बघणार, लोक स्क्रोल करून देतात. म्हटलं, रसिक थांबतो. ती म्हणाली, आणि कीर्तन कुठे आहे, किती वाजता आहे, ते तर तुम्ही बोललेच नाही. म्हटलं, ते खाली वर्णनात आहे. म्हणाली, तिथे तुमचा श्लोक आहे.

वर्णन दुरुस्त केलं. श्लोक ठेवला.

२४ मार्च, सोमवार.
यूट्यूब: एकतीस दर्शनं. त्यांपैकी काही माझी. बरीच माझी.
लिंक्डइन: दोन पसंत्या. एक बेंगळुरूच्या गृहस्थाची, त्यांनी मला विमा एजंट होण्याविषयी विचारलं आहे.

शरयू म्हणाली, अजून तेरा दिवस आहेत. रोज नऊ घरं.

२७ मार्च, गुरुवार.
विजय. अवंतिकेनं न विचारता चाळीस सेकंदांचा तुकडा कापून इन्स्टाग्रामवर टाकला. ताई शबरी सांगतायत, ती हसतेय, चित्र हलतंय. तीन दिवसांत अकरा हजार लोकांनी पाहिला. अकरा हजार. इन्स्टाग्रामविषयीचं माझं मत मी तक्त्यात खोडून ‘तरुण, चपळ’ असं केलं. निवड शेवटी माझीच म्हणायची, कारण नाव तक्त्यात होतं.

संभाजीरावांना फोन केला. सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, आकडा ऐकताच ताठ उभा राहिला असावा. म्हणाले, बळवंतराव, म्हणजे खुर्च्या? म्हटलं, अकरा हजारांतले तीन टक्के धरले तरी तीनशे. म्हणाले, हुकूम.

३० मार्च, रविवार. पाडवा.
ताईंकडे नमस्काराला गेलो. आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. सुंठवडा करायला आठ किलो खोबरं आणवलंय. दोन बायका किसत होत्या. ताई म्हणाल्या, पुरेल ना रे? म्हटलं, पुरवून वाढू.

अवंतिकेला त्यांनी विचारलं, या अकरा हजारांत कंपूतले किती? ती म्हणाली, आजी, पता करून सांगते.

घरी तिनं फोनवर दाखवलं. पुणे, सांगली, इंदूर, न्यू जर्सी. ग्वाल्हेर यादीत खूप खाली. एकशे चार. त्यांतही तिच्या कॉलेजच्या मुली, ज्यांना मराठी येत नाही.

मी म्हटलं, आजीला सांगू नकोस. ती म्हणाली, का? मी उत्तर दिलं नाही. बाप असण्याची ही एक सोय आहे.

१ एप्रिल, मंगळवार.
उपाय उघड आहे. ग्रुपवर परत जायचं, एक संदेश टाकायचा, सर्वांची क्षमा मागून आमंत्रण द्यायचं. मग निदान घरोघर फोन तरी करता येतील. ग्रुप महिपतरावांच्या ताब्यात आहे. बाड्यावर दिसले, मी बँकेत शिरलो नाही. तेच म्हणाले, काय पंडितजी, सूर्य उगवतोय ना तुमच्याकडे? येऊन जा परत, नुसता शब्द टाका, दोन मिनिटांत जोडतो.

घरी येऊन शब्द लिहायला बसलो. ‘माझ्याकडून झालेल्या’ नंतर प्रमाद की चूक, यात दुपार गेली. चूक फार उघडं वाटतं. प्रमाद शांताताईंना कळायचा नाही.

पाठवला नाही. उद्या.

४ एप्रिल, शुक्रवार.
अजून दोन दिवस. एकोणसाठ घरं रोज. अशक्य. म्हणजे आता अपराध माझा नाही, काळाचा आहे.

पुण्याहून संपादकांचा फोन, अंक छापायला चाललाय, वार्तापत्र आजच द्या. लिहिलं: ‘रामनवमीस श्रीमती लीलाताईंचे निरोपाचे कीर्तन शेकडो श्रोत्यांच्या उपस्थितीत रंगले.’ पाठवलं. भविष्यकाळाचा भूतकाळ करण्याची वार्ताहराला मुभा असते.

शरयूनं वाचलं. कागद पालथा ठेवून पोळ्या लाटायला गेली. तिनं बोलायला हवं होतं.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.
सकाळी ९.३०. मांडव, तीनशे खुर्च्या, पांढरी आवरणं. संभाजीरावांनी दोरी लावून ओळी सरळ केल्यात.
९.५०. पेटीवाले, तबलजी, पुजारी. आम्ही तिघं. खोबरं किसणाऱ्या दोघी.
१०.१०. एकूण एकवीस. त्यांत वाजवणारे दोन. शबरीसाठी आलेल्या अवंतिकेच्या मैत्रिणी चार.
१०.१५. ताई उभ्या राहिल्या. तीनशे खुर्च्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, जवळ या सगळे, तेवढाच माझा घसा वाचेल. आम्ही खुर्च्या सोडून त्यांच्या पायांशी सतरंजीवर बसलो.

दुपारी ३.
कीर्तनाविषयी लिहिता येत नाही. असं मी ऐकलेलं नाही. चार मुलींना मराठी येत नव्हतं, तर ताईंनी अर्धं हिंदीत सांगितलं. बाराला पाळणा हलला, ताईंनी दोरी ओढली आणि गुडघा धरून खाली बसल्या.

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी हळूच विचारलं, बळवंत, माझ्या हातून कुणाचं मन दुखावलंय का रे? शेवटच्या वेळी तरी आले असते.

मी म्हटलं, ऊन आहे ताई. आणि लग्नसराई.

त्या म्हणाल्या, खरमासात मुहूर्त नसतात, कुणाची लग्नं?

ज्योतिषाचा एक पेपर मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो होतो. खुर्च्यांची आवरणं काढायला गेलो.

७ एप्रिल, सोमवार.
शरयूला भाजी घेताना पांडुरंगराव भेटले. म्हणाले, ताईंची तब्येत फारच बिघडली का हो? यंदा अक्षत आली नाही, म्हणजे कीर्तन नाही असं समजून आम्ही सगळे दुसऱ्या देवळात गेलो. त्यांच्या घरच्यांनी ताईंसाठी साडी आणून ठेवली आहे.

शरयूनं भाजी ओट्यावर ठेवली आणि हे सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाली, आता तुम्ही जाता की मी जाऊ?

संपादकांना लिहिलं, ‘शेकडो’ काढा. उत्तर आलं: छपाई झाली, छान उतरलंय.

८ एप्रिल, मंगळवार.
गेलो. उंबऱ्यातच सगळं सांगितलं: अक्षत, तक्ता, सूर्य, बँक. प्रमाद म्हटलं नाही, चूक म्हटलं.

ताई रागावतील अशी तयारी होती. त्या हसल्या. म्हणाल्या, अरे, मग बरंच झालं की. म्हणजे कुणी रागावलेलं नाही. परवापासून मी एकेकाचं नाव आठवून बघतेय, याला काय बोलले असेन, तिला काय बोलले असेन. जीव भांड्यात पडला बघ.

यापेक्षा चप्पल बरी होती.

मग त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, पण आता त्यांना कळेल की कीर्तन झालं आणि आपल्याला बोलावलं नाही. तेव्हा मात्र रागावतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. माफी मागून यायला हवं, घरोघर. स्कूटरवर मला बसवशील? मी खाली थांबीन, जिने तू चढ.

९ एप्रिल, बुधवार. दुपारी १२.
पहिलं घर पांडुरंगरावांचं. तिसरा मजला. ताई खाली स्कूटरवर, डोक्यावर पदर, ऊन मी म्हणतंय.

पांडुरंगरावांनी गच्चीतून त्यांना पाहिलं आणि मला दारातच मिठी मारली. म्हणाले, ताई स्वतः आल्या? म्हणजे बऱ्या झाल्या. आत हाक गेली, ऐकलंत का, लीलाताईंकडचं बोलावणं आलंय, कुंकू आणा. वहिनी कुंकू आणि साडीची पिशवी घेऊन बाहेर आल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, कधी आहे कीर्तन?

मी म्हटलं, झालं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग वहिनींनी मला बसायला सांगितलं, आणि साडी घेऊन त्या स्वतःच जिना उतरून गेल्या.

चहा आला. प्यायलो. उरली एकशे सतरा.