पालखीचा सांधा

मिठबाव, १९५९. कार्तिक शु. ७

देवळाच्या पालखीचा कोपरा उडाला, म्हणून पालखी ह्यांच्याकडे आलीय. पौर्णिमेला निघायची. जुना फणस, काळपट पडलेला. ह्यांनी फणसाचाच तुकडा रेषेला रेष जुळवून बसवला, फटीत लाख आणि भुसा. रंग जुळवायचा राहिलाय.

शु. १०

काम झालं. मला बोलावलं. लग्न झाल्यापासूनची रीत, सांधा मला सापडला नाही की काम पुरं. आजवर कधी सापडला नाही, त्याचा केवढा ताठा ह्यांना. आज दारातूनच दिसला. रंगासाठी लावलेलं काथाचं पाणी जास्त झालंय, तुकडा तांबडा, पान खाल्लेल्या ओठासारखा.

"दिसता काय गो?"

नाय म्हटलं.

गेल्या महिन्यात माझं हिरवं लुगडं काळं म्हणाले, तेव्हा मी हसले होते. डोळे चालले ह्यांचे.

शु. १२

पालखी परत गेली. विहिरीवर गुरवीण हळूच म्हणाली, "वयनी, तुकडो तांबडो दिसता. पण तेंका कोण सांगाचो नाय." गाव दया करतंय. अंगाची आग झाली. घरी येऊन रडले. काम सुटलं तर हा माणूस करील काय? बसून खाणाऱ्यातला नव्हे.

शु. १३

मानकऱ्यांनी देवाला कौल लावला, कुडाळच्या सुताराकडून पुन्हा करून घ्यावं का. देवाने नाही म्हटलं. ह्यांना पत्ता नाही. देवाचं काय, तो दगडाचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही मूठ तर पालखीबरोबर गावभर फिरणार.

पौर्णिमा

हे धुतलेलं धोतर नेसून गेले. मी डोकं दुखतंय म्हटलं.

व. १

 दुपारी पानावर बसल्यावर, भाताला हात न लावता,

"खांदो दिलंय तेवा हात फिरवून बघलंय. सांधो बोटाक लागलो नाय. मगे लोक थयसरच कित्याक बघी होते?"

रंग दिसत नाही, पण माणसांच्या माना कुठे वळतात ते दिसतं अजून.

कढी आणते म्हणून आत आले नि हे लिहितेय. काय सांगू? बाहेर भात निवतोय.